घरात दोन मांजरं आणि शनिवारी येतायत दोन बजरीगर: माझी तयारीची यादी

अकरा वर्षं मांजरं सांभाळतेय, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू मुलाकडे कायमच्या बंगलोरला निघाल्या आणि म्हणाल्या माझे राजा-राणी, म्हणजे त्यांचे ते दोन छोटे बजरीगर पोपट, तू घेतेस का, तर मी विचार न करता हो म्हणून बसले, म्हटलं प्राणी सांभाळणं आपल्याला काय नवीन. रात्री मात्र झोप लागेना. शेवंता पायाशी आणि पिंट्या उशीवर, आणि मी छताकडे बघत विचार करतेय की बाई, तुला मांजर सांभाळता येतं, पक्ष्यातलं तुला ओ का ठो कळत नाही. मग काकूंकडून महिनाभराची मुदत घेतली, दर रविवारी त्यांच्याकडे शिकवणीला गेले आणि तिथे बसल्याबसल्या फोनमध्ये ही यादी वाढत गेली. तुमच्याकडे मांजर असेल आणि घरात पक्ष्यांचं चाललं असेल तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

सगळ्यात आधी दार. पिंजरा, दाणे, खेळणी सगळं नंतर, आधी घरात एक अशी खोली बघा जिचं दार खरंच बंद होतं आणि बंद राहतं. आमच्या छोट्या बेडरूमचं हँडल खाली दाबायचं टाइपचं आहे आणि पिंट्या त्याला लोंबकळून दार उघडतो, दोन वर्षं आम्ही पाहुण्यांना ही त्याची हुशारी कौतुकाने दाखवत होतो. आता बाहेरून, वरच्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टॉवर बोल्ट लागणार. अशी खोलीच नसेल, वन रूम किचन असेल आणि मांजर घरभर फिरत असेल, तर माझं मत विचाराल तर पक्षी घेऊ नका, मग कुणी कितीही म्हणो की सवय होते हो त्यांना.

खिडकीचंही तेच. मांजरं पडू नयेत म्हणून मी सगळीकडे ती नायलॉनची जाळी लावून घेतलेली आहे आणि त्या भरवशावर निर्धास्त होते. काकू एकदा बघायला आल्या, जाळीच्या भोकातून दोन बोटं आरपार घातली आणि म्हणाल्या, अगं यातून तर दोघं हातात हात घालून जातील. खरंच की. बजरीगर म्हणजे ३०-४० ग्रॅमचा जीव. त्या खोलीला आता डासांची बारीक जाळी लावलीये, फ्रेमला घट्ट बसणारी, वेलक्रोची नाही, कारण वेलक्रो पिंट्या बाहेरच्या बाजूने ओढून काढेल.

मग मांजरांची रंगीत तालीम. हे मात्र फक्त मांजरवाल्याला जमेल असं काम आहे. काकूंचा जुना रिकामा पिंजरा आठवडाभर आणून ठेवला, खोलीचं दार उघडं ठेवलं आणि फोनवर बजरीगरांचा चिवचिवाट लावला. पिंट्या अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या मिनिटाला कपाटावरून पिंजऱ्यावर. पण मला भीती वाटली ती शेवंताची. म्हातारी, अकरा वर्षांची, दिवसभर झोपणारी, जिच्याबद्दल सगळं घर म्हणतं की ती काही करत नाही. ती दारात बसून राहिली. हलली नाही. फक्त शेपटीचं टोक हलत होतं आणि खिडकीबाहेर कबूतर आलं की करते तसा जबडा कटकट कटकट वाजत होता. ज्यांनी मांजर पाळलंय त्यांना हा आवाज माहितीये. म्हणजे शिकारीचा पत्ता कट झालेला नाही, ती नुसती वाट बघतेय.

तेव्हा ठरलं की दोघांना, कितीही गरीब गाय वाटली तरी, पक्ष्यांबरोबर एका खोलीत सोडायचं नाही, मी समोर बसलेली असले तरी नाही. मांजराच्या डोक्यावर पोपट बसलाय असले व्हिडिओ लोक पाठवतात, मला ते बघवत नाहीत आता. मांजर हवेत पाच-सहा फूट सहज उडी मारतं, म्हणून पिंजऱ्याच्या आसपास कपाट, टेबल, वॉशिंग मशीन काही नको. आणि पिंजरा छताच्या हुकाला टांगायचा नाही, कारण एक उडी बसली की तो झुलतो, पक्षी घाबरून गजांना चिकटतात आणि बाहेरचा पंजा नेमका तिथेच येतो. भिंतीला मजबूत ब्रॅकेट, एक बाजू भिंतीला टेकलेली म्हणजे त्यांना पाठीमागून धोका वाटत नाही, आणि उंची साधारण आपल्या डोळ्यांइतकी.

हे मला माहीतच नव्हतं म्हणून वेगळं लिहिते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात, चाटून चाटून नखांवरही येतात, आणि पक्ष्याला नुसतं खरचटलं, रक्ताचा थेंबही दिसला नाही, तरी एक-दोन दिवसांत रक्तात विष पसरून जातो तो. त्यामुळे बरा दिसतोय, उद्या बघू, हा प्रकार नाही. त्याच तासाला डॉक्टर, अँटिबायोटिक.

आणि डॉक्टर म्हणजे आपले मांजराचे डॉक्टर चालतीलच असं नाही. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं की मी पक्षी बघत नाही, आवडलं मला ते, उगाच हो म्हणण्यापेक्षा बरं. मग तीन-चार ठिकाणी फोन केले. नुसतं पक्षी बघता का विचारू नका, बजरीगर बघता का, रविवारी असता का, रात्री काय, असं सगळं विचारा. नंबर फ्रीजवर लावा.

पिंजरा. काकूंचा होता तो गोल घुमटाचा, देवळासारखा दिसणारा, तो मी नम्रपणे नाकारला. पक्षी आडवा उडतो, वर लिफ्टसारखा जात नाही, म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, दोघांना निदान ३० इंच लांब, १८ रुंद, १८ उंच, याहून मोठा मिळाला तर अजून छान. गजांमधलं अंतर अर्धा इंच, जास्त नको, डोकं अडकतं. स्वस्तातला चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेला नको कारण हे लोक दिवसभर गज चावतात आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते, पावडर कोटिंगवाला किंवा स्टीलचा बघा. आत येणाऱ्या त्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकल्या, एकाच जाडीच्या दांडीवर उभं राहून पायाला फोड येतात, त्याऐवजी पेरूच्या आणि कडुनिंबाच्या फांद्या आणल्या, औषध न मारलेल्या झाडाच्या, स्वच्छ धुवून उन्हात वाळवून, कमीजास्त जाडीच्या. तळाला वर्तमानपत्र. मांजराची लिटर, म्हणजे शीच्या ट्रेमधली वाळू, अजिबात नको, धूळ असते आणि हे चोच घालून बघणार. चोचीला आणि कॅल्शियमला समुद्रफेस, तो आयुर्वेदिक दुकानातही मिळतो. अंडी घालायचं मडकं लावायचं नाही, मला पिल्लं नकोयत.

हवेचा मुद्दा मी शेवटी लिहिणार होते पण हाच सगळ्यात मोठा खर्च निघाला. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळी ताजी हवा फुफ्फुसातून जाते, उडायला एवढा ऑक्सिजन लागतो म्हणून, पण त्यामुळे हवेतलं विषही आपल्यापेक्षा कितीतरी लवकर भिनतं. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात, आपल्याला वाससुद्धा येत नाही. मी म्हणजे तवा ठेवून फोनवर बोलायला जाणाऱ्यातली. डोशाचा तवा, अप्पेपात्र, सासूबाईंनी दिलेली कढई, सगळं नॉनस्टिक घराबाहेर, बिडाचा तवा आला, पहिले चार डोसे चिकटले, असो. त्याच हिशोबात अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल आणि लिक्विडवालं मशीन, रूम फ्रेशनर, झुरळांचा स्प्रे. देवघर हॉलमध्ये आहे, ते काही हलणार नाही, पण सासूबाईंनी स्वतःहून तेलाच्या दिव्यावर तडजोड केली. दिवाळीत त्या खोलीची खिडकी संध्याकाळपासून बंद.

पंखा: पक्षी पिंजऱ्याबाहेर असतील तेव्हा बंद. थांबलेला असेल तरी स्विचवर चिकटपट्टी. आरशावर आणि खिडकीच्या काचेवर सुरुवातीला चादर. संपलं.

आता खाणं, आणि इथे मी जवळजवळ घात केला होता. काकू दोन दिवस गावाला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी गेले, वाटी बघितली, काठोकाठ भरलेली, म्हटलं खाल्लंच नाही यांनी, पाणी बदललं आणि निघाले. मांजराच्या वाटीची सवय, वाटी रिकामी म्हणजे भूक, भरलेली म्हणजे पोट भरलंय. काकूंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या वाटी हातात घे आणि फुंकर मार. मारली. सगळी वाटी उडाली आणि माझ्या कुर्त्यावर बसली. नुसती फोलपटं! बजरीगर दाणा चोचीत सोलतात, आतला गर खातात आणि साल परत वाटीतच टाकतात, तळाला जेमतेम पाच-सहा राळ्याचे दाणे होते. एवढा लहान पक्षी दीड-दोन दिवस उपाशी राहिला तर जातो, मांजरासारखं रुसून बसायची चैन त्याला नाही. म्हणून रोज सकाळी फुंकर, हे यादीत लाल रंगात.

दाण्यात राळा, बाजरी, थोडी वरी, पण नुसत्या दाण्यांवर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि चरबी वाढते, म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. मीठ, चॉकलेट, कांदा, लसूण बंद, आणि आव्होकाडो तर अगदी विष. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी आणि किडे लागतात, थोडे थोडे आणा, फ्रीजमध्ये ठेवा.

मध्येच कायद्याचं, कारण मला तीन जणांनी विचारलं की हिरवा पोपटच का नाही घेत. नाही घेता येत. आपला तो गळ्यात कंठ असलेला पोपट, मुनिया, डोंगरी मैना, हे सगळे आपले रानपक्षी आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पाळणं गुन्हा आहे, बाजारात टोपलीत विकायला दिसतात तरी. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे लोक ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो हाच बहुतेक वेळा, आणि तो पाळता येतो. साइट्स (CITES) म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या यादीत जवळजवळ सगळी पोपटमंडळी आहेत, बजरीगर आणि कॉकॅटील त्यातून वगळलेत. सन कोन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे असला परदेशी पोपट घ्यायचा विचार असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आधी कागद, मग पक्षी.

राजा-राणीची एक गंमत. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती मेणासारखा भाग असतो, मोठ्या नराचा सहसा निळा, मादीचा तपकिरी. मी दोघांना नीट बघितलं आणि काकूंना म्हटलं की काकू, तुमचा राजा बाई आहे. पाच वर्षं तिला राजा म्हणतायत. काकू जराशा गप्प झाल्या, मग म्हणाल्या आता नाव बदलू नकोस, ती ओ देते.

आजारपण ओळखायचं कसं, तर मांजर दुखणं लपवतं असं आपण म्हणतो, पक्षी त्याच्या दसपट लपवतो, कारण कळपात आजारी दिसणाऱ्यालाच शिकारी आधी उचलतो. पिसं फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसणं, यातलं काही दिसलं म्हणजे आधीच उशीर झालाय. म्हणून ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा घेतला आणि वरती फांदीचा तुकडा चिकटवला, काकूंकडे सराव झालाय, राणी ३४, राजा ३८. दहा टक्के उतरलं की डॉक्टर. नख किंवा नवं पीस तुटून रक्त आलं तर दाबायला कॉर्नफ्लॉवरची डबी जवळ ठेवा, अख्ख्या पक्ष्यात साधारण साडेतीन मिली रक्त, चमचाभरसुद्धा नाही. शी मात्र मला लगेच वाचता आली, एवढी वर्षं लिटर उपसलीये, हिरवट गोळी, पांढरं टोपण आणि थोडं पाणी म्हणजे ठीक. वाळलेली खरवडायची नाही, धूळ फुफ्फुसात जाते, कागद ओला करून गुंडाळायचा.

शेवटी माझे हात. मांजराला आपण वरून पाठीवर हात ठेवतो, मानेशी उचलतो, डोळ्यात डोळे घालून बोलतो. पक्ष्याला वरून येणारा हात म्हणजे घार. पहिल्या रविवारी मी असाच हात घातला आणि दोघं गजांवर आपटली, राणीचं एक पीस हवेत तरंगत खाली आलं, आणि काकू काही बोलल्या नाहीत ते जास्त लागलं. आता हात खालून, छातीसमोर बोट, हळू, बाजूला तोंड करून बसायचं, तळहातावर राळ्याची लोंबी. मांजरांना कुरवाळून आले की हात धुवायचे, टी-शर्ट बदलायचा, त्यासाठी दाराबाहेर खुंटीला एक टी-शर्ट. आणि रात्री दहा-बारा तास अंधार, शांतता, म्हणजे त्या खोलीत आता रात्री उशिरा लॅपटॉप घेऊन बसणं बंद, नवऱ्याला हे अजून नीट सांगितलेलं नाही.

आणायचं कसं हेही ठरलंय. मांजरांची बास्केट नको, तिला केस, लाळ सगळं आहे. पुठ्ठ्याचं खोकं, भोकं पाडून, तळाला फडकं, रस्ता ओलांडायचा फक्त.

बाकी सगळं झालंय, दाराचा तो वरचा बोल्ट तेवढा राहिलाय. सुतार शुक्रवारी येतो म्हणालाय. हा तोच सुतार आहे जो गेल्या शुक्रवारीपण येणार होता. काकूंची गाडी मंगळवारची आहे, त्यांना सांगून ठेवलंय की बोल्ट बसला नाही तर राजा-राणी सोमवारपर्यंत तुमच्याकडेच.