चितकबऱ्या झुडपांची पावसाळी कलमे: जोमदार फांदी दिसली की हात आवरा

पाऊस स्थिरावला, हवेत दमटपणा भरला की रोपवाटिकेत कटिंगची, म्हणजे फांदीचे तुकडे रुजवून करायच्या कलमांची, लगबग सुरू होते. बुटक्या, भरगच्च शोभेच्या झुडपाची एखादी नवी चितकबरी जात यंदा तुमच्या हाती आली असेल आणि दोन-चार मातृरोपांवरून (ज्यांच्या फांद्या कलमांसाठी घ्यायच्या त्या झाडांवरून) झटपट संख्या वाढवायची असेल, तर हंगाम अगदी योग्य आहे. फक्त साध्या हिरव्या झुडपांवर मुरलेली सवय इथे घात करते. तिथे आपण डोळे झाकून सर्वात जोमदार, सरळसोट फांदी उचलतो. चितकबऱ्या झुडपात सर्वात जोमदार फांदी ही बहुतेक वेळा हिरवी होऊ लागलेली फांदी असते.

हे मी नुकसान करून शिकलो. पांढऱ्या काठाच्या बुटक्या तगरीची कलमे घाईघाईत, तीही दुसऱ्याच्या हातून करून घेतली. रुजली झकास. पिशव्यांत गेल्यावर दोन-अडीच महिन्यांत लक्षात आले की ओळीच्या ओळी नुसत्या हिरव्या चालल्या आहेत. कलमे घेणाऱ्याची चूक नव्हती, त्याला 'चांगल्या फांद्या घे' एवढेच सांगितले होते. त्याने चांगल्याच घेतल्या.

असे का होते ते थोडक्यात समजून घेतले तर पुढची सगळी कामे आपोआप सुचतात. फांदीच्या शेंड्यात, जिथून नवी पाने फुटतात, तिथे पेशींचे एकावर एक थर असतात. बऱ्याच चितकबऱ्या जातींत यातल्या एखाद्या थरातल्या पेशींत हरितद्रव्य तयार होत नाही, बाकीच्या थरांत होते. म्हणजे एकाच फांदीत दोन वेगळ्या वाणाच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. पानाचा काठ एका थरातून येतो, मधला भाग दुसऱ्या थरातून, म्हणून किनार दिसते. हे थर जोवर आपापल्या जागी आहेत तोवर नक्षी टिकते. डोळा फुटताना थर सरकले की फांदी पूर्ण हिरवी किंवा पूर्ण पांढरी निघते. हिरवीला अन्न जास्त, म्हणून ती पळते आणि चितकबऱ्या फांद्यांना झाकून टाकते. पावसाळ्यात पाणी मुबलक, ऊन कमी, वाढ जोरात, त्यामुळे ही शर्यत याच दिवसांत रंगते.

बियांपासून ही जात का मिळत नाही, तेही यातच आले. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये चितकबऱ्या गुलबक्षीवर काम केले. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचे बी लावले की पांढरी रोपे, हिरव्या फांदीवरच्या बियांची हिरवी रोपे, मग पराग कुठल्याही फांदीचा असो. पांढरी रोपे अर्थातच जगत नाहीत. तेव्हा बी विसरा. मुळाच्या तुकड्यांपासून फुटवे काढू नका, ते आतल्या थरातून येतात आणि बहुधा एकरंगी निघतात. ऊतिसंवर्धनातही (प्रयोगशाळेत बाटलीत रोपे वाढवताना) बगलेतल्या डोळ्यापासून वाढवलेली रोपे नक्षी राखतात. पेशींच्या आकारहीन गाठीतून नव्याने फुटवे काढले की नक्षी मोडते, म्हणून प्रयोगशाळेत तयार झालेली रोपे घेताना ती कशी वाढवली हे विचारून घ्या. शेंडा किंवा डोळा असलेले कलम हाच भरवशाचा मार्ग.

कलमे घेण्याआधी एक शंका फेडून घ्या: समोरची नक्षी खरी आहे की रोग? नवी जात म्हणून आलेले रोप प्रत्यक्षात विषाणूने पिवळे पडलेले असू शकते. अब्युटिलॉन या शोभेच्या झुडपाची सोनेरी ठिपक्यांची एक प्रसिद्ध जात मुळात विषाणूबाधितच आहे आणि लोक ती हौसेने लावत आले आहेत. विषाणूची नक्षी शिरांमध्ये अडकलेल्या कोनाकोनाच्या पिवळ्या तुकड्यांची असते, पाने अनेकदा आखडतात, सुरकुततात, आणि कलमातून तो विषाणू पुढच्या रोपांत जातो. लोहाची कमतरता असेल तर नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. मॅग्नेशियमची असेल तर हाच प्रकार खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. खऱ्या चितकबऱ्या पानात रंगांची हद्द बहुधा स्पष्ट असते, शिरांची ती पर्वा करत नाही आणि खत देऊन ती भरून निघत नाही. शंका असेल तर रोप एक हंगाम बाजूला, जाळीत ठेवा. घाई करून हजार रोगट रोपे करण्यापेक्षा ते परवडते.

आता मुख्य काम, फांदीची निवड. यात वेळ घालवा, बाकी कुठेही वाचवा.

फांदी हातात घेऊन ती बोटांत हळूहळू फिरवा. नुसती पाने बघू नका, खोड बघा. पुष्कळ चितकबऱ्या झुडपांच्या कोवळ्या खोडावर फिकट पट्टे उतरलेले असतात. चारही बाजूंना पट्टे असतील आणि लागोपाठच्या चार-पाच पानांवर किनार सारखी असेल, तर ती फांदी घ्या. खोडाची एक बाजू नुसती हिरवी आणि दुसरी नुसती फिकट असेल तर फसगत ठरलेली. कारण डोळा पानाच्या बगलेत असतो आणि त्या जागी खोडाचा जो रंग असेल तोच बहुधा घेऊन फुटतो. हिरव्या बाजूचा डोळा हिरवा, पांढऱ्या बाजूचा पांढरा. वरून सुंदर दिसणारी फांदी अशी खालून फितूर असते. पानाचा बहुतेक भाग पांढरा असलेल्या फांद्याही टाळा. त्या दिसतात देखण्या, पण अन्न बनवायला हिरवा भागच नाही, त्यामुळे मुळे धरायच्या आधीच त्यांची शिदोरी संपते. पानाचा निम्म्याहून जास्त भाग हिरवा हवा, हा माझा अंदाजपट्टीचा नियम.

कलम अर्धपक्व, म्हणजे ना कोवळ्या ना पूर्ण कडक झालेल्या, फांदीचे, ८ ते १० सेंटिमीटर लांब, दोन-तीन पेऱ्यांचे घ्या. बुटक्या जातींत पेरे जवळ असतात, तिथे ६ सेंटिमीटरही चालते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, खालची पाने काढा, वरची दोन ते चार ठेवा. साध्या झुडपाची मोठी पाने आपण अर्धी कापतो. इथे शक्यतो कापू नका, हिरवा भाग आधीच तोकडा आहे. काम सकाळी करा आणि कलमे ओल्या गोणपाटात ठेवा, पाण्याच्या बादलीत बुडवून नको. चीक येणारी जात असेल तर काप धुऊन चीक थांबू द्या, मगच मुळे फुटवणाऱ्या संजीवकात बुडवा.

अर्धपक्व कलमाला १००० ते ३००० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आयबीए हे संजीवक पुरते. २००० पासून सुरुवात करा. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही आणि तळाशी पांढरे कण बसले की तुम्ही कलमे साध्या पाण्यात बुडवत आहात असे समजा. १०० मिलिलिटर द्रावणासाठी २०० मिलिग्रॅम आयबीए घ्या, ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग ऊर्ध्वपातित पाणी घालून १०० पूर्ण करा. कलमाचे टोक एक सेंटिमीटर, पाच सेकंद, बस्स. अल्कोहोल उडून जाऊ द्या आणि लावा. उरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नका. एका रोगट काडीने पूर्ण बाटली नासते.

माध्यम हलके हवे. धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (फुलवलेले हलके पांढरे खनिज) समान भाग, नाहीतर स्वच्छ जाड वाळू. कोकोपीट न धुता वापरले तर त्यातल्या क्षारांनी पांढऱ्या कडा तपकिरी पडतात आणि दोष मात्र उन्हाला जातो. साध्या जातीला चार आठवडे लागत असतील तर चितकबरीला सहा धरा. मध्येच उपटून मुळे बघण्याचा मोह आवरा. ट्रेच्या खालच्या भोकातून मूळ डोकावेल तेव्हा समजेलच.

पावसाळ्यात मिस्टचे (बारीक तुषार सोडणाऱ्या यंत्रणेचे) टायमर उन्हाळ्याच्या वेळेवर चालू ठेवणे ही नेहमीची चूक. पानावर पाण्याची पातळ फिल्म राहिली की पुरे, थेंब ओघळत असतील तर वेळ कमी करा. सतत भिजलेल्या माध्यमात पिथियम आणि फायटोप्थोरा या मूळकुज करणाऱ्या बुरशीसारख्या जीवांना आयतेच फावते.

पावसापेक्षा मला भीती वाटते ती उघडिपीची. आठवडाभर आभाळ गच्च, पाने मऊ पडलेली, आणि एके दिवशी दुपारी लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कडा कागदासारख्या जळालेल्या. हिरव्या भागाला सवय करून घ्यायला रंगद्रव्ये असतात, पांढऱ्याला काही नसते. कलमांवर आणि नव्या रोपांवर ५० टक्क्यांचे शेडनेट कायम ठेवा, ढगाळ आहे म्हणून गुंडाळून ठेवू नका. पिवळ्या किनारीच्या जाती याबाबतीत दणकट असतात. त्यांना उलट उजेड हवा, दाट सावलीत बऱ्याच जातींचे सोनेरीपण जाऊन पोपटी रंग येतो. पांढरी आणि पिवळी नक्षी एकाच शेडखाली ठेवायची वेळ आली तर पिवळी कडेला, पांढरी मध्ये.

खताबाबत हात आखडता घ्या. नत्र जास्त झाले की हिरव्या फुटव्यांचे फावते आणि बुटकी जात लांबुडकी होते. मुळे धरल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेले विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. यातून साधारण ९५ पीपीएम नत्र मिळते आणि एवढ्यावर रोपे व्यवस्थित चालतात. युरियाची फवारणी नकोच.

फवारणीचे औषध कुठलेही असो, आधी पाच-सहा रोपांवर मारून चार दिवस थांबा. हिरव्या जातीला निमूट सोसणारी मात्रा चितकबरीची कड जाळू शकते. निंबोळी तेल तर उन्हात मुळीच मारू नका. बोर्डो मिश्रणाने (मोरचूद आणि चुना) रोग आटोक्यात येईल, पण पांढऱ्या पानावर निळसर डाग दिसेल आणि आपण विकतो ते पानच. पानावरचे ठिपके बहुधा पांढऱ्या भागातून सुरू होतात, तेवढी पाने गोळा करून बाहेर टाका, रोपांत अंतर वाढवा. पावसाने ओढ दिली आणि कोरडे दिवस आले तर पानाखाली लाल कोळी आणि बगलेत पिठ्या ढेकूण शोधा. पांढऱ्या पानावर पिठ्या ढेकूण पटकन दिसत नाही, बोट फिरवून बघावे लागते.

पावसाळाभर दर दहा दिवसांनी एक फेरी फक्त हिरवी फांदी शोधण्यासाठी मारा. दुसरे काही काम त्या फेरीत करायचे नाही. हिरवा फुटवा दिसला की नुसता शेंडा खुडून उपयोग नाही, खालचे हिरवे डोळे दुप्पट जोमाने फुटतील. तो जिथून निघाला त्या फांदीपर्यंत जा आणि बुडाशी, ठुणका न ठेवता कापा. फांदी अर्धी चितकबरी, अर्धी हिरवी झाली असेल तर शेवटचे चांगले पान आणि पट्टेवाले खोड जिथे आहे तिथवर मागे या. पूर्ण पांढरे फुटवेही काढा, ते झाडाच्या जिवावर जगतात. हेज कातरीने वरवर छाटणी करू नका. तिने आकार येतो, पण हिरव्या फांद्या आत दडून राहतात. सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री) घ्या, एकेक फांदी बघा. शंभर रोपांना अर्धा दिवस जातो, मान्य आहे.

रोपे विकत घेत असाल तर बुटकेपणाचीही परीक्षा घ्या. जातीचा बुटकेपणा वेगळा आणि पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढ रोखणारे औषध देऊन आणलेला वेगळा. औषधाने रोखलेल्या रोपात खालचे जुने पेरे लांब आणि वरचे एकदम दाटलेले, पाने गडद, जाडसर अशी दिसतात. जमिनीत लावल्यावर औषधाचा अंमल उतरला की ते हातभर उंच होते. खऱ्या बुटक्या जातीत पेऱ्यांचे अंतर बुडापासून शेंड्यापर्यंत सारखेच आखूड असते.

बागेत लावताना किनारीसाठी दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवा. कुंडीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत राहू द्या, बुंधा पुरू नका, आणि पाणी साचते तिथे गादीवाफा करूनच लावा. मागे गडद हिरव्या पानांचे काही असेल तर नक्षी उठून दिसते. चितकबऱ्याशेजारी चितकबरे लावले की दोन्ही मळकट दिसतात, पण हा झाला माझ्या आवडीचा भाग.

नव्या जातीच्या लेबलवर हक्काची खूण आहे का तेही बघा. नव्या वाणांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६१ मध्ये पॅरिसला झाला आणि त्याच्या १९९१ च्या सुधारित रूपानुसार पैदासकाराला किमान २० वर्षे, वृक्ष आणि द्राक्षवेलींच्या बाबतीत २५ वर्षे संरक्षण मिळते. नियम देशागणिक वेगळे आहेत, पण संरक्षित जातीची विक्रीसाठी कलमे करायची तर परवाना लागतो हे धरून चाला.

आणि मातृरोपे वेगळी ठेवा. सर्वात चांगली नक्षी असलेली आठ-दहा झाडे निवडून त्यांना क्रमांक द्या, प्रत्येक ट्रेवर मातृरोपाचा क्रमांक आणि तारीख पेन्सिलने लिहा, शाईचे लेबल पावसात धुऊन जाते. तीन महिन्यांनी ज्या क्रमांकाच्या ट्रेमध्ये हिरवी रोपे जास्त निघतील, ते मातृरोप दिसायला कितीही देखणे असले तरी पुढच्या कलमांसाठी वापरू नका.