फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर भाड्यानं घेण्याआधी: स्टुडिओवाल्यांसाठी तयारीची यादी

अडोबीचं एकदाच विकत घेतलेलं जुनं लाइटरूम सोडून महिन्याच्या हप्त्यावरचं घ्यायचं असेल, तर हे काम आषाढ-श्रावणात उरका. गणपती आले की कार्यक्रमांची शूट्स सुरू होतात, नवरात्र-दिवाळी त्याला जोडूनच येते आणि तुळशीचं लग्न लागलं की ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याच स्टुडिओला मान वर करायला फुरसत नसते. भर सीझनमध्ये कॅटलॉग, म्हणजे कुठला फोटो कुठे आहे आणि त्यावर काय एडिट केलं याची लाइटरूममधली नोंदवही, हलवू नका.

आधी ठरवा, बदल खरंच हवा आहे का. अडोबीनं मे २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूट हा विकत मिळणारा सॉफ्टवेअरचा संच थांबवून सबस्क्रिप्शनचा, म्हणजे हप्त्याचा, रस्ता धरला. एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६, आणि त्याचं शेवटचं अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७ मधलं. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) त्यात उघडत नाहीत. अडचण तेवढीच असेल तर अडोबीचाच फुकट मिळणारा डीएनजी कन्व्हर्टर वापरा, तो रॉ फाइल अडोबीच्या डीएनजी प्रकारात बदलतो: कॅमेऱ्याचं कार्ड खाली करा, फोल्डर डीएनजीत बदला, मग इम्पोर्ट करा. प्रत्येक शूटमागे एक पायरी वाढते, पण महिन्याचा हप्ता वाचतो. मॅकवाल्यांना ही पळवाट फार काळ पुरत नाही. मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२-बिट सॉफ्टवेअर चालत नाही आणि लाइटरूम ६ चा इन्स्टॉलर त्यातच अडकतो.

बदलायचं ठरलं तर नावात गफलत करू नका. ऑक्टोबर २०१७ पासून दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. ‘लाइटरूम क्लासिक’ फोटो तुमच्या डिस्कवर ठेवतं. त्यातून सिंक केलं तर क्लाउडवर फक्त स्मार्ट प्रिव्ह्यू जातो, लांब बाजू २५६० पिक्सेलची प्रत. ती तुमच्या क्लाउडच्या कोट्यात धरली जात नाही, आणि ती बॅकअपही नव्हे. नुसतं ‘लाइटरूम’ मात्र मूळ फाइल क्लाउडवर चढवतं आणि कोटा खातं. लग्नाचं काम करणाऱ्यांनी क्लासिकच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मूळ फाइल चढवायच्याच असतील तर आधी हिशेब मांडा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २८ एमबी धरा. एका लग्नाचे ३००० फोटो म्हणजे ८४ जीबी. १ टीबीत अशी अकरा लग्नं बसतात, बारावं उतू जातं. आता वेग. केबलवाला ‘१००चा प्लॅन’ म्हणतो तो बहुतेकदा डाउनलोडचा आकडा असतो. अपलोड किती, हे वेगळं विचारा आणि रात्री दहाच्या सुमारास, घोडबंदरची सगळी सोसायटी ओटीटीवर असताना, स्वतः मोजा. अपलोड ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट, आणि आठ बिटचा एक बाइट) मिळालं तर सेकंदाला ५ एमबी, म्हणजे एक लग्न चढायला चार तास चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात सहा धरा. १० एमबीपीएस असेल तर तेच काम साडेअठरा तासांवर जातं. जुना १ टीबी साठा ४० च्या वेगानंही सलग पंचावन्न तास घेतो. (ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या शेजारी राहिल्यानं यात एक मिनिटही कमी होत नाही. वेग ठरतो तो तुमच्या इमारतीतल्या लाइनवर.) प्लॅनची महिन्याची डेटा मर्यादाही बघा, ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या प्लॅनलाही ती असते आणि ओलांडली की वेग एकदम खाली येतो.

अपलोडच्या रात्री संगणक वायफायवर ठेवू नका, लॅन केबल लावा. विंडोजमधलं स्लीप बंद करा, नाहीतर अर्ध्या तासात संगणक झोपतो आणि सकाळी १२ टक्के दिसतात. यूपीएसवर संगणकाबरोबर राउटर आणि फायबरची डबीही जोडा. पावसाळ्यात वीज दोन मिनिटांसाठी जाते, पण लाइन परत पकडायला राउटरला त्याहून जास्त वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ कॅटलॉगला द्या. फोटो डिस्कवर असतात, पण तुमची मेहनत .lrcat या कॅटलॉग फाइलमध्ये असते. एडिट मेनूतल्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये ती नेमकी कुठे आहे ते पाहून घ्या. अनेक ठिकाणी ती सी ड्राइव्हवर पिक्चर्समध्ये पडलेली असते आणि फॉरमॅटच्या दिवशीच आठवते. मग लायब्ररी मेनूतून हरवलेले फोटो शोधा. प्रश्नचिन्हवाले फोल्डर बहुतेक वेळा एक्स्टर्नल डिस्कचं ड्राइव्ह अक्षर बदलल्यामुळे तुटलेले असतात. वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून नवी जागा दाखवली की खालचे सगळे जुळतात. त्यानंतर कॅटलॉगचा बॅकअप घ्या, घेताना इंटिग्रिटी तपासणी आणि ऑप्टिमाइझ या दोन्ही खुणा लावून.

पुढची पायरी एक्सएमपीची. सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं की एडिटचे आकडे, स्टार आणि कीवर्ड कॅटलॉगबाहेरही लिहिले जातात: रॉच्या शेजारी .xmp फाइलमध्ये, जेपीजी आणि डीएनजीच्या बाबतीत थेट फाइलच्या पोटात. त्यामुळे जेपीजीची तारीख बदलते आणि क्लाउड बॅकअप ती ‘नवी’ समजून पुन्हा चढवतो. म्हणून कंट्रोल-एस आधी, अपलोड नंतर. क्रम उलटा झाला की जेपीजी आणि डीएनजी दुसऱ्यांदा चढतात. कलेक्शन (निवडक फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोचं दुसरं एडिट) आणि स्टॅक (एकावर एक रचलेले फोटो) एक्सएमपीत जात नाहीत. लाइटरूम ६ मध्ये फ्लॅगही (निवडीच्या झेंड्याच्या खुणा) जात नाहीत. अल्बमची निवड फ्लॅगनं केली असेल तर ते फोटो फिल्टरनं वेगळे काढून त्यांना एखाद्या रंगाचं लेबल द्या, कलेक्शनच्या नावाचा कीवर्ड लावा, आणि कृष्णधवल व्हर्च्युअल कॉपी पूर्ण आकारात एक्स्पोर्ट करून ठेवा.

नवीन आवृत्ती जुना कॅटलॉग उघडताना त्याची वेगळी प्रत बनवते. त्या प्रतीतलं काम जुन्या लाइटरूमला दिसत नाही. मूळ फाइल निदान एक सीझन पुसू नका. चालू कॅटलॉग गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवायचा मोह टाळा. अर्धवट लिहिलेली फाइल सिंक झाली किंवा दोन संगणकांनी ती एकाच वेळी उघडली की कॅटलॉग बिघडतो. बॅकअपची झिप तिथे खुशाल ठेवा.

पैशांचं बोलायचं तर हे सगळं लीव्ह अँड लायसन्ससारखं आहे, लॉक-इनसकट. अडोबीचा ‘वार्षिक, दरमहा भरणा’ हा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण असतो वर्षाचा. १४ दिवसांनंतर मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. खरेदी करतानाच रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. कार्डावरच्या आपोआप वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात: १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण २४ तास आधी बँकेचा संदेश येतो. तो ज्या नंबरवर येतो तो फोन कुणाच्या खिशात असतो, हे बघा. कार्ड बदललं की मँडेट (आपोआप वसुलीची परवानगी) नव्यानं करा. जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटीआयएन पहिल्या बिलाआधीच खात्यात भरा.

एक लायसन्स दोन संगणकांवर चढतं, पण चालतं एका वेळी एकाच. त्यामुळे नौपाड्यात तुम्ही आणि खारघरमध्ये अल्बमवाला, दोघं एकदम एकाच खात्यावर बसणार असाल तर दुसरं लायसन्स धरूनच दर ठरवा.

हप्ता थांबल्यावर क्लासिक बंद पडत नाही. लायब्ररी उघडते, एक्स्पोर्ट होतो. डेव्हलप (एडिटिंगचा भाग) आणि मॅप बंद होतात. तरीही बाहेर पडायची तालीम आताच करा. गेल्या वर्षीचं एक लग्न घ्या, दुसऱ्या संगणकावर फक्त फोल्डर कॉपी करा आणि डार्कटेबल या दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लाइटरूमच्या एक्सएमपीतल्या काही गोष्टी त्यात येतात, पण रंग हुबेहूब येत नाहीत. म्हणून दिलेल्या प्रत्येक कामाचे पूर्ण आकाराचे जेपीजी आणि निवडक फोटोंच्या १६-बिट टिफ डिस्कवर हव्यातच. क्लाउडवालं लाइटरूम घेतलंच, तर प्रेफरन्सेसमध्ये मूळ फाइलची प्रत स्थानिक डिस्कवर ठेवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करा. तिथे फोनवरून पुसलेला फोटो सगळीकडून जातो. परत आणायला ६० दिवस मिळतात.

गूगल फोटोजवर विसंबणाऱ्यांसाठी: १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठा नाही. १५ जीबी आहे ते फोटोज, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून. ते भरलं की नवे मेल येणं थांबतं, आणि पार्टीनं पाठवलेली अल्बमची निवड तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ‘स्टोरेज सेव्हर’ १६ मेगापिक्सेलवरचे फोटो लहान करतं, म्हणून डिलिव्हरीसाठी ‘ओरिजिनल क्वालिटी’च ठेवा.

शेवटी डिस्क. दोन हव्यात आणि दोन वेगळ्या इमारतींत: एक स्टुडिओत, एक घरी. सखल भागातल्या तळमजल्याच्या दुकानात ती टेबलाखाली ठेवू नका. लेबलवर विकत घेतल्याची तारीख आणि आतल्या कामांचे महिने लिहा, आणि कॉपी झाल्यावर फोल्डरची साइज नव्हे, फाइलची संख्या दोन्हीकडे जुळवून मगच कार्ड फॉरमॅट करा.