पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडते? जुन्या विंडोजमध्ये फाईलला तिचा प्रोग्राम असा लावा

जुलै महिना, पीक विम्याच्या फॉर्मची गर्दी आणि दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात तासाभरासाठी आलेली लाईन. काउंटरवरच्या पोराने घाईघाईत सातबाऱ्याच्या पीडीएफवर डबल क्लिक केलं, तर स्क्रीनवर नुसत्या किडामुंग्या. समोरचे काका घाबरले. "बापा, माह्या वावराचा सातबारा असा काहून दिसून राह्यला?" सातबारा धडधाकट होता. आदल्या संध्याकाळी कोणीतरी पीडीएफची गाठ नोटपॅडशी मारून ठेवली होती.

कोणती फाईल कशात उघडायची हे ठरवताना विंडोज फाईलच्या आत पाहत नाही, नावाच्या शेवटी टिंबानंतर काय आहे ते पाहतं. डॉट पीडीएफ असेल तर हा प्रोग्राम, डॉट जेपीजी असेल तर तो, अशी त्याची एक यादी असते. फाईल ठीक असूनही भलतीकडेच उघडत असेल, तर दुरुस्ती या यादीत करायची.

आधी टिंबानंतरची अक्षरं दिसू द्या. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. एक्सपीमध्ये 'माय कॉम्प्युटर' उघडून वरच्या 'टूल्स'मधून 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये जा. विंडोज 7 मध्ये तेच 'ऑर्गनाईज'खाली 'फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स' म्हणून सापडतं. तिथल्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाईल टाइप्स' यासमोरची टिक काढा. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावणाऱ्याने तर हे करायलाच हवं. 'सातबारा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नावाचा व्हायरस एरवी 'सातबारा डॉट पीडीएफ' असाच दिसतो.

आता गाठ बदलू. फाईलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' निवडा. विंडोज 7 मध्ये पुढे 'चूज डिफॉल्ट प्रोग्राम', एक्सपीमध्ये 'चूज प्रोग्राम'. यादीतून योग्य प्रोग्राम निवडा, खाली 'ऑल्वेज यूज...' ने सुरू होणाऱ्या ओळीसमोर टिक आहे ना ते पाहा आणि ओके करा. प्रोग्राम यादीत नसेल, तर 'ब्राऊज' करून सी ड्राइव्हच्या 'प्रोग्राम फाईल्स'मध्ये शोधा. फाईल एकदाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये पाहायची असेल, तर मात्र टिक नको. आमच्याकडे घोळ तिथेच झाला होता.

बरेच प्रकार एकदम लावायचे असतील, तर एक्सपीत 'फोल्डर ऑप्शन्स'मधलाच 'फाईल टाइप्स' टॅब उघडा, प्रकार निवडा आणि 'चेंज' दाबा. विंडोज 7 मध्ये हा टॅब नाही. तिथे स्टार्ट मेनूतून 'डिफॉल्ट प्रोग्राम्स' उघडून 'असोसिएट अ फाईल टाइप...' या दुव्यावर जायचं.

लावायला प्रोग्राम तर हवा! एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला. नवी सॉफ्टवेअर त्यावर बसायला कुरकुरतात. एक्सपीवर लिब्रेऑफिसची (वर्डच्या फाईली उघडणारं मोफत सॉफ्टवेअर) 5.4 ही शेवटची चालणारी मालिका. व्हिडिओसाठी व्हीएलसी पुरतं. टिंबानंतरची अक्षरं हाताने बदलून काही साधत नाही. वर्डच्या नव्या फाईलचं डॉक्स बदलून जुन्या वर्डचं डॉक केलं तरी आतला मजकूर जुन्या पद्धतीचा होत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा शॉर्टकटचा. डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन सारखेच दिसायला लागले आणि काहीही दाबलं तरी एकच प्रोग्राम उघडू लागला, तर डॉट एलएनकेची, म्हणजे शॉर्टकटच्या फाईलची, गाठ बिघडली असं समजा. फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोज 7 मध्ये विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून इंग्रजीत 'रेजएडिट' (regedit) लिहून एंटर दाबा; विंडोजची सगळी सेटिंग्ज जिथे असतात ती रेजिस्ट्री उघडेल. मग एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाईल एक्स्ट्स, डॉट एलएनके असं आत आत जा. तिथे 'यूजर चॉईस' दिसेल. तेवढंच डिलीट करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. हात लावण्याआधी 'फाईल'मधून 'एक्स्पोर्ट' करून बॅकअप घ्या. बाकी कशाला हात लावू नका, रेजिस्ट्रीत चुकीला माफी नाही.

दोन तक्रारी आमच्याकडे हमखास येतात, पण त्या या आजाराच्या नाहीत. ई-आधार पासवर्ड मागतं; त्यात नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष टाकायचं. दुसरी, ग्रामपंचायतीचा जुना ठराव वर्डमध्ये उघडतो, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. ज्या कॉम्प्युटरवर तो टाइप झाला, तिथून तो फॉन्ट आणून कंट्रोल पॅनेलच्या 'फॉन्ट्स'मध्ये टाका, मजकूर वाचता येईल.