वैमानिक व्हायचंय? पैसे भरण्याआधीची आणि परवाना मिळाल्यानंतरची तयारी

विमान कंपनीत वैमानिक व्हायचं ठरलं की बहुतेक जण आधी फ्लाइंग स्कूल शोधायला निघतात. तुम्ही आधी डॉक्टरांकडे जा. या वाटेवर काही गोष्टी एका दिवसात तुम्हाला बाद करू शकतात आणि त्या तपासून घ्यायचा खर्च पूर्ण प्रशिक्षणापुढे किरकोळ असतो. त्या सगळ्या आधी उरकायच्या. परत न मिळणारे पैसे सर्वांत शेवटी.

विमान कंपनीच्या नोकरीला क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांसाठीचं सर्वांत कडक वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या निकषांत लांबची नजर प्रत्येक डोळ्याची निदान ६/९ आणि दोन्ही डोळे मिळून ६/६ हवी. चष्मा किंवा लेन्स लावून एवढं दिसलं तरी चालतं, म्हणून चष्मा आहे एवढ्यावरून माघार घेऊ नका. फक्त उडताना जास्तीचा चष्मा जवळ ठेवावा लागतो. खरी अडचण रंगदृष्टीची असते. ठिपक्यांच्या पानांमधले आकडे ओळखता आले नाहीत तर पुढच्या चाचणीची संधी बऱ्याच देशांत मिळते, पण तिथेही नापास झालात तर सहसा क्लास वन मिळत नाही आणि जन्मजात रंगदोषावर औषध नाही. म्हणून ही एक चाचणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे सगळ्यांत आधी करून घ्या. कानांसाठी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी असते: ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त कमतरता चालत नाही. आधीचे दोन दिवस हेडफोन आणि मोठा आवाज टाळा, कानात मळ असेल तर आठवडाभर आधी काढून घ्या. आदल्या दिवशी दमछाक होईल असा व्यायामही नको. त्याने लघवीत प्रथिनं दिसतात आणि विनाकारण फेरतपासणी मागे लागते. जुना दमा, फिट, नैराश्यावरची औषधं, झालेली शस्त्रक्रिया यातलं काहीही लपवू नका. कागदपत्रं घेऊन गेलात तर निदान विचार होतो; लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली तर हातचा परवानाही जाऊ शकतो. हे मेडिकल साधारण बारा महिने चालतं. संपण्याच्या तारखेआधी दीड महिन्याची आठवण फोनमध्ये आजच लावा, कारण ते संपलं की त्या दिवसापासून उड्डाण बंद.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण एका बैठकीत उरकतं. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि जन्मदाखला यांवर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एकच आहे ना, हे पाहा. काही देश बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित मागतात, ते राहिलं असेल तर आत्ताच द्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी रेडिओवरच्या इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते आणि चौथ्या पातळीवर असलात तर साधारण दर तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दुसऱ्या देशात शिकणार असाल तर तिथला परवाना आपल्या देशात बदलून घेताना कोणते पेपर, किती तास आणि कोणत्या चाचण्या पुन्हा द्याव्या लागतील, हे आपल्या देशाच्या विमानवाहतूक नियामकाच्या (भारतात डीजीसीए) लेखी नियमांत स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

आता पैसे. माहितीपत्रकातला आकडा कमीत कमी तासांचा असतो आणि कमीत कमी तासांत पूर्ण होणारे थोडेच. त्यात बहुधा न धरलेल्या गोष्टी वहीत ओळीने लिहा: जादा तास, नापास पेपरची फी, परीक्षकाचं मानधन, लँडिंग फी, इंधन अधिभार, राहणं-जेवण, हेडसेट, मेडिकल, परवाना बदलून घेणं, टाइप रेटिंग (एका ठराविक मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी). मूळ अंदाजावर निदान पाचवा भाग वाढवून धरा आणि परवान्यानंतरच्या दीड-दोन वर्षांचा खर्च वेगळा मांडा. शाळेचं बिल कोणत्या वेळेवर निघतं, हेही विचारा. इंजिन सुरू झाल्यापासून, विमान जागेवरून हलल्यापासून की चाकं जमिनीवरून सुटल्यापासून? टॅक्सीलाच, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जायलाच, पंधरा मिनिटं जाणाऱ्या विमानतळावर दोनशे तासांच्या प्रशिक्षणात याचा फरक फार मोठा होतो. पूर्ण फी एकरकमी भरू नका. शाळा बंद पडल्या की आगाऊ भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. टप्प्याटप्प्याने भरा, म्हणजे अडकलेच तर एका टप्प्याचे अडकतील. कर्ज घेणार असाल तर पहिला हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होतो ते बघा आणि त्या महिन्यात नोकरी नसेल असं धरूनच गणित करा.

शाळा निवडताना विमानांची एकूण संख्या विचारून उपयोग नाही. सकाळी आठ वाजता रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर जा आणि मोजा: किती विमानं उडायला तयार उभी आहेत, कितींची इंजिनावरची झाकणं काढलेली आहेत, किती हँगरच्या कोपऱ्यात धूळ खात आहेत. प्रशिक्षणाच्या विमानांची सहसा दर ५० आणि १०० तासांनी तपासणी होते. त्या वेळी विमान जमिनीवर असतं आणि सुटा भाग हाताशी नसेल तर आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. मग उडणाऱ्या विमानांनी विद्यार्थ्यांच्या संख्येला भागा. इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षी किती सोडून गेले, पावसाचे आणि धुक्याचे महिने कोणते, प्रवासी विमानांच्या गर्दीत प्रशिक्षणाला किती वेळ मिळतो, हेही विचारा. गणित सोपं आहे. आठवड्याला १.२ तासांची तीन उड्डाणं झाली तर २०० तासांना जवळपास छप्पन्न आठवडे लागतात, तेही एकही दिवस रद्द न होता. मागच्या तुकडीला प्रत्यक्षात किती महिने लागले ते शाळेच्या कार्यालयात विचारू नका, विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये विचारा. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला की पुढचं उड्डाण जुनं लँडिंग परत हाताला बसवण्यातच जातं आणि त्याचेही पैसे तुम्हीच भरता.

जमेल तेवढे लेखी पेपर उड्डाणाआधी संपवा. युरोपात एअरलाइन परवान्याचे १३ विषय असतात, प्रत्येकाला ७५ टक्के लागतात आणि सगळे १८ महिन्यांत सोडवायचे असतात. भारतात उत्तीर्णतेची रेषा ७० टक्के आहे. प्रश्नसंच पाठ करून पेपर सुटतात, पण कंपनीच्या मुलाखतीत तुम्ही उघडे पडता. विमान ६० अंश कलवून उंची राखत घेतलेल्या वळणात स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो) सुमारे ४१ टक्के का वाढतो, हे कागदावर मांडता आलं पाहिजे: भार दुप्पट होतो आणि वेग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. ३० मैल गेल्यावर मार्गापासून २ मैल बाजूला आलात तर दिशा ४ अंशांनी चुकली आहे, हे तोंडी यायला हवं. कॉकपिटमध्ये कागद-पेन्सिल घेऊन बसायला वेळ नसतो.

तासांची बेरीज करताना सगळ्यांत जास्त घोटाळे होतात. कमर्शियल परवान्याला, म्हणजे पगार घेऊन विमान उडवण्याच्या परवान्याला, आयकाओचा किमान आकडा २०० तासांचा आहे, मान्यताप्राप्त सलग कोर्समध्ये १५०. पण त्याच्या पोटात अटी आहेत: २०० पैकी १०० तास स्वतः कमांडमध्ये (विमानाचे प्रमुख म्हणून), त्यात २० तास क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे मार्ग आखून केलेलं उड्डाण) आणि त्यात निदान ५४० किलोमीटरचं, म्हणजे ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं असतं. चाकं टेकवून लगेच उडालात तर ते लँडिंग यात धरत नाहीत आणि अख्खं उड्डाण पुन्हा करावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एकूण, कमांड, क्रॉस कंट्री, रात्र आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले तास) अशा पाच रकान्यांचा तक्ता ठेवा आणि दर रविवारी कुठे किती कमी आहे ते बघा. लॉगबुक त्याच दिवशी भरा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर लावलेली नोंद संशयास्पद ठरते. प्रत्येक पान भरलं की बेरीज करा, इन्स्ट्रक्टरची सही घ्या आणि फोटो काढून दोन ठिकाणी जपून ठेवा. इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेल्यावर जुनी सही मिळवणं फार जड जातं.

मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवण्याची आणि उपकरणांवर उडण्याची परवानगी, शक्यतो शेवटी ठेवा. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं बऱ्याच ठिकाणी वर्षाला नूतनीकरण असतं. लवकर घेतलंत तर ते नोकरीच्या अर्जाआधीच संपतं.

परवाना हातात आला की वाट सर्वांत अनिश्चित होते. २००१, २००८ आणि २०२० नंतर भरती अचानक थांबली. तुमचा कोर्स कोणत्या वर्षी संपेल आणि तेव्हा बाजार कसा असेल, हे कोणीच सांगू शकत नाही. अमेरिकेत २०१३ पासून को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास लागतात, लष्करी वैमानिकांना आणि ठराविक पदवीधरांना सवलत आहे. इतर बऱ्याच देशांत २०० तासांवर अर्ज करता येतो, पण तेवढ्याच तासांचे शेकडो जण रांगेत असतात. या काळासाठी दुसरी पदवी किंवा कमाईचं काम आधीच ठरवून ठेवा. इन्स्ट्रक्टर रेटिंग घेतलंत तर तास आणि पगार दोन्ही मिळतात. मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, इंग्रजीची पातळी आणि सराव ताजा ठेवण्यासाठी लागणारी ९० दिवसांतली तीन टेकऑफ-लँडिंग, या चार तारखा एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. बोलावणं कधीकधी आठवड्याभराच्या मुदतीने येतं आणि यातली एक तारीख उलटलेली असली की संधी दुसऱ्याला जाते.

नोकरीच्या आशेवर स्वतःच्या पैशाने एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग घ्यायचा मोह होईल. लेखी ऑफर हातात नसेल तर घेऊ नका. त्याचंही दर वर्षी नूतनीकरण असतं, त्या विमानावर प्रत्यक्ष तास नसले तर त्याला फारसं वजन राहत नाही आणि भरती दुसऱ्या विमानासाठी निघाली तर खर्च वाया जातो. कॅडेट योजनेत, म्हणजे विमान कंपनीने आधीच निवडून प्रशिक्षण देण्याच्या योजनेत, जाणार असाल तर करारातली दोन कलमं वकिलाला दाखवा: भरती थांबली तर प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या माथी, आणि बाँड (नोकरी न सोडण्याची हमी) किती वर्षांचा.

निवडीच्या दिवशी संगणकावरची क्षमता चाचणी, मानसिक चाचणी, मुलाखत आणि बहुतेक ठिकाणी सिम्युलेटर असतं. सिम्युलेटरमध्ये मोठं विमान सफाईने उडवावं अशी अपेक्षा नसते. उंची शंभर फुटांनी सुटली तर ती लगेच दिसते का, ती तोंडाने सांगून दुरुस्त करता का, शेजारच्याचं ऐकता का, हे बघतात. जाण्याआधी भाड्याच्या सिम्युलेटरवर दोन-तीन तास ऑटोपायलट बंद ठेवून सरळ उड्डाण, ३० अंश कलवून घेतलेली वळणं आणि एक आयएलएस अप्रोच (धावपट्टीवरच्या रेडिओ संकेतांच्या आधारे खाली येणं) एवढंच करा. सराव करताना प्रत्येक बदल मोठ्याने बोला. चाचणीच्या दिवशी घसा कोरडा पडला तरी सवयीने शब्द बाहेर येतात.