दुष्काळ आणि धुळीच्या वादळांत शेतजमीन व कुटुंब कसे सांभाळावे

पाऊस न झाल्याने पीक गेले तर ते एका हंगामाचे नुकसान असते, परंतु उघड्या जमिनीचा वरचा सुपीक थर वाऱ्याने नेला तर तो पुन्हा तयार होण्यास कित्येक पिढ्या जातात. अमेरिकेच्या मध्य मैदानांत गवत मोडून गहू पेरलेल्या जमिनी १९३० च्या दशकातील दुष्काळात अशाच उघड्या पडल्या आणि १४ एप्रिल १९३५ रोजी आलेल्या वादळाने भरदिवसा अंधार केला. त्यामुळे पेरणी फसल्याचे लक्षात येताच जमीन झाकलेली ठेवण्याची तजवीज सुरू करावी.

वाऱ्याने आधी हलतात ते साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे कण. ते उड्या मारत जमिनीवर आपटतात आणि त्या माऱ्याने सुटलेली बारीक धूळ आकाशात चढते. या उड्या थांबवणे हेच खरे काम आहे आणि उभ्या धसकटांइतके ते दुसरे काही करत नाही. वाळलेले पीक म्हणूनच मुळासकट उपटू नये.

येथे चाऱ्याचा प्रश्न आडवा येतो. उपाशी जनावरे समोर असताना शेतातली शेवटची काडीही उचलावीशी वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे की, उपलब्ध वैरणीवर किती जनावरे जगतील याचा हिशेब लवकर मांडून उरलेली जनावरे अंगावर मांस असतानाच विकावीत. ती खंगल्यावर भावही मिळत नाही आणि तोवर शेतही उघडे पडलेले असते. ताण बसलेल्या ज्वारीत, विशेषतः कोवळ्या फुटव्यांत, सायनाइडचे विष असू शकते, तर ज्वारी आणि मका या दोन्हींच्या ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठते. वाळवल्याने सायनाइडचे प्रमाण घटते, नायट्रेटचे घटत नाही. म्हणून चारा तपासून घ्यावा आणि कापणी उंचावरून करावी. त्यामुळे नायट्रेटचा धोका कमी होतो आणि माती धरून ठेवणारी धसकटेही शेतात राहतात.

माती उडू लागलीच, तर भारी जमिनीत वाऱ्याच्या दिशेला आडवी, ढेकळे वर येतील अशी नांगरट करावी आणि सुरुवात वारा येतो त्या बाजूने करावी. वाळूमिश्रित जमिनीत ढेकळे टिकत नाहीत, तेथे हा उपाय करू नये. पुढील वर्षांसाठी बांधावर झाडांची रांग लावावी. ती भिंतीसारखी बंद नसावी, कारण थोडा वारा झिरपू देणारी रांग आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते.

वादळ येताना दिसले की जनावरे आडोशाला न्यावीत, पिण्याचे पाणी झाकावे आणि दारे-खिडक्यांच्या फटींत ओले कापड बसवावे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना आतल्या खोलीत ठेवावे. बाहेर जाणे टळत नसेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. साध्या फडक्यातून बारीक धूळ फुप्फुसापर्यंत जाते. वाहनात असल्यास रस्ता पूर्ण सोडून थांबावे, दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढावा, अन्यथा मागचा चालक त्या दिव्यांच्या रोखाने येऊन धडकतो. नंतर घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

कर्जाचा हप्ता चुकणार असे दिसल्यास तो चुकण्यापूर्वीच सावकाराशी वा बँकेशी बोलावे, आणि घरातील सर्व प्रौढांना खरी रक्कम माहीत असावी. एकट्याने वाहिलेले ओझे माणसाला आतून खचवते. एखादी व्यक्ती बोलेनाशी झाली, तिची झोप उडाली किंवा ती निरवानिरवीची भाषा करू लागली, तर तिला थेट विचारावे, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत, तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.