उन्हाळ्यात किल्ट घालून ट्रेक करायचाय? आधी कंबरेचं बघा

वेस्ट हायलंड वे हा लांब पल्ल्याचा ट्रेक करायला जून-जुलैत स्कॉटलंडला येणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास विचारतं, किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालून चाललं तर जमेल का? जमतं की, आणि मजाही येते, फक्त लग्नाकार्यात घालतात तसला भारी किल्ट घेऊन निघू नका. त्याला आठ वार कापड लागतं, म्हणजे नऊवारीला फक्त एक वार कमी, आणि ते १६ औंसाचं (औंस म्हणजे कापडाचं वजन, आकडा जितका मोठा तितकं कापड जाड) लोकरी असेल तर नुसता किल्टच पावणेदोन किलोच्या आसपास जातो.

आता गंमत अशी की पाय उघडे म्हणजे गारेगार असं सगळ्यांना वाटतं. पाय राहतातच गार, पण गरम होतं ते कंबरेला आणि मागे, कारण चुण्या सगळ्या मागे असतात, वरच्या भागात त्या शिवून पक्क्या केलेल्या असतात, म्हणजे कापडाचे थरावर थर, पुढे दोन पदर एकावर एक, आत अस्तर, वर चामड्याचा रुंद पट्टा आणि त्याच्यावर परत आपल्या सॅकचा हिप बेल्ट! इथला उन्हाळा म्हणजे एरवी १८-२० डिग्री, पण १९ जुलै २०२२ ला दक्षिण स्कॉटलंडमधल्या चार्टरहॉलला ३४.८ डिग्री झालं होतं, आणि वाटेतल्या रॅनॉख मूर या उघड्या माळरानावर सावलीला झाड शोधत बसाल.

म्हणून कापड कमी असलेला किल्ट बघा. पाच वारी मिळतो, किंवा चार वारांचा बॉक्स प्लीटवाला, म्हणजे रुंद चौकोनी चुण्यांचा, तो काही नवीन फॅड नाही, अठराव्या शतकाच्या शेवटी तसेच किल्ट शिवायचे. कापड १०-११ औंसाची हलकी लोकर असेल तर माझ्या मते बेस्ट, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, वासही लवकर येत नाही. बजेट कमी असेल तर पॉली-व्हिस्कोस घ्या, स्वस्त आणि बहुतेक मशीनमध्ये धुता येतं. कॉटनचे खिसेवाले युटिलिटी किल्ट दिसायला भारी असतात आणि कोरड्या हवेत चांगलेही, पण इथे पाऊस कधी येईल नेम नाही, आणि भिजलेलं जाड कॉटन वाळता वाळत नाही.

किल्ट बांधायचे चामड्याचे पट्टे आणि बकल येतात कंबरेच्या दोन्ही बाजूंना, बरोब्बर हिप बेल्टच्या खाली किंवा आसपास, चार तास चाललात की तिथे वळ उठलाच म्हणून समजा. त्यामुळे वेल्क्रो किंवा चपटी बटणं असलेला घ्या आणि विकत घेण्याआधी भरलेली सॅक पाठीवर चढवूनच ट्राय करा, दुकानदार बघेल तर बघू दे. चामड्याचा पट्टा घरी ठेवा. स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारी ती पिशवी, तीही घरीच, चढावर मांडीवर आपटत राहते, फोन-पैसे हिप बेल्टच्या खिशात मावतात.

लांबी गुडघ्याच्या वाटीच्या एक-दोन इंच वरच बरी. लांब किल्टची कड ओली झाली की गुडघ्यामागे घासते आणि मग प्रत्येक पावलाला काचतं, वाटेतल्या डेव्हिल्स स्टेअरकेससारखा खडा चढ असेल तर विचारूच नका. हलका किल्ट वाऱ्याने उडतो हेही खरं. त्यावर किल्ट पिन लावतात ती फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टाचले तर पाऊल मोकळं पडत नाही आणि कापड फाटतं.

आत काय घालायचं हा प्रश्न सगळे हसत हसत विचारतात, उत्तर साधं आहे, मांडीपर्यंत येणारी मेरिनोची किंवा सायकलिंगची शॉर्ट घाला. मांड्या घासणं थांबतं आणि कुंपणावरची शिडी ओलांडताना मागच्या माणसाला नको ते दर्शन घडत नाही. बायकांनाही हेच सगळं लागू.

पायात ते उंच जाड लोकरी मोजे नकोत, साधे ट्रेकिंगचे मेरिनो मोजे खाली गुंडाळून घाला. मात्र दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे मिजेस, ती बारीक चिलटं, मे ते सप्टेंबर असतात आणि वारा पडला की सकाळ-संध्याकाळ उघड्या पायांवर तुटून पडतात, तेव्हा कॅम्पवर पोचलात की सरळ लांब पॅन्ट चढवा. दुसरं म्हणजे गोचीड. नेच्याच्या झुडपातून किंवा उंच गवतातून गेलात की पायाला चिकटतात आणि काहींच्या चाव्यामुळे लाइम डिसीज हा जिवाणूंचा आजार होतो, म्हणून रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, कंबरेच्या पट्टीखाली नीट तपासा, काढायचं छोटं हत्यार केमिस्टकडे मिळतं. गुडघ्यामागे सनस्क्रीनही लावा, उत्तरेकडे चालताना दुपारभर ऊन पाठीवरच असतं.

मुक्कामाला पोचल्यावर किल्ट चोळामोळा करून सॅकमध्ये कोंबू नका. चुण्या हाताने सरळ करून कमरेकडून लटकवा, सकाळपर्यंत बऱ्यापैकी बसतात.