गुण घसरलेल्या वर्षानंतर कॉलेजचा अर्ज: आधी काउन्सिलरला गाठा

अमेरिकेतल्या चुरशीच्या कॉलेजांना मी दोनदा अर्ज केले. पहिल्या खेपेला एक काम राहिलं, म्हणून यादी त्याच कामापासून सुरू करते. शाळेच्या काउन्सिलरला, म्हणजे कॉलेजांना तुमचं शिफारसपत्र लिहिणाऱ्या सल्लागाराला, सगळं सांगा. अकरावी संपायच्या आत सांगा, आणि लेखी सांगा.

अकरावीत मी नैराश्याने आजारी होते. दोन महिने धड शाळेत गेले नाही, गणित आणि केमिस्ट्रीत ‘ए’चे ‘सी’ झाले. अर्जात मी हे व्यवस्थित लिहिलं. काउन्सिलरना मात्र त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण लाजेपायी मी त्यांच्याशी बोललेच नव्हते. त्यांनी पत्रात माझं कौतुक केलं आणि त्या सहामाहीबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळीकडून नकार आल्यावर भेटले, तेव्हा ते म्हणाले, ‘मला आधी सांगायचंस ना!’ नकार त्यामुळेच आले असं मी म्हणणार नाही, तिथे भल्याभल्यांना नकार येतो. पण माझ्या बाजूने बोलू शकणारा माणूस शाळेतच होता आणि मी त्याला अंधारात ठेवलं.

त्यांना एक पान लिहून द्या. काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या विषयांना फटका बसला, आता तब्येत किंवा घर कसं आहे. पत्रात काय आलेलं चालेल आणि काय नाही, हेही त्याच पानावर लिहा. आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. शाळेत काउन्सिलर नसेल तर मुख्याध्यापक ते पत्र देऊ शकतात, मग त्यांना गाठा. अर्ज भरताना शिफारसपत्र पाहण्याचा हक्क बहुतेक जण सोडून देतात, त्यामुळे पत्रात काय आलंय ते नंतर तपासता येत नाही. म्हणून आधी सांगा!

ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकाची, प्रत काढून घ्या. वाचणाऱ्याची नजर कुठे अडेल ते बघा आणि खुलासा तेवढ्याचाच करा. एखादा ‘बी’ समजावत बसू नका.

खुलासा मुख्य निबंधात कोंबू नका, ते ६५० शब्द तुमच्या बाकीच्या आयुष्यासाठी ठेवा. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, अडचणी आणि परिस्थितीबद्दल लिहायला २५० शब्दांची वेगळी जागा आहे. त्याच अर्जातल्या ‘अधिक माहिती’च्या रकान्याची मर्यादा २०२५ मध्ये ६५० वरून ३०० शब्दांवर आली, तेव्हा जुने नमुने बघून ऐसपैस लिहू नका. काय झालं, केव्हा, गुणांचं काय झालं, नंतर काय बदललं. बस. माझ्या पहिल्या मसुद्यात निम्म्या ओळी माफी मागण्यात गेल्या होत्या. आजारी पडल्याबद्दल माफी मागायची नसते.

अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करण्याची, घाई करण्याआधी थांबा. त्याची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते, तोवर बारावीच्या पहिल्या सहामाहीचे गुण हातात नसतात. सावरल्याचा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तेच गुण असतील, तर जानेवारीच्या फेरीत अर्ज करा आणि मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे त्या सहामाहीच्या गुणांचा अहवाल, वेळेत जातोय ना ते बघा. तो पाठवतं कोण? काउन्सिलर. पुन्हा तेच. शिवाय अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, मिळालं तर जावंच लागतं.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा आहे. तिथे साधारणपणे शिफारसपत्रं मागत नाहीत, त्यामुळे जे सांगायचं ते तुम्हालाच सांगावं लागतं. त्यांच्या सरासरीत दहावी-अकरावीचे गुण धरतात. घसरण नववीत झाली असेल तर तिथे थोडा श्वास घेता येईल.

कॉलेजांची यादी करताना प्रवेशाची चांगली शक्यता असलेली, खरोखर आवडणारी दोन-तीन कॉलेजं हवीतच. एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेचे नियम प्रत्येक कॉलेजचे बघा, एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी. आर्थिक मदतीचे अर्ज वेगळे, त्यांच्या तारखा वेगळ्या. निबंध कोणाकडून तरी वाचून घ्या. पासवर्ड लिहून ठेवा.

आणि सबमिट करण्याच्या आठवड्यात काउन्सिलरना एक ईमेल करा: पत्र गेलं का, आणि मी दिलेलं पान तुम्हाला मिळालं होतं ना?